रुमाल कोण सोडणार?



अध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेचा उच्चार करावा, मग आयोजकांच्या औदार्याची स्तुती करावी आणि त्यानंतर श्रोत्यांच्या पापण्या जड होईपर्यंत मायबोलीच्या वैभवाचे वर्णन करावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. तो मी आज मोडणार आहे. पात्रतेचा निर्णय आपण भाषण ऐकून करावा. आणि वैभवाविषयी म्हणाल, तर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केल्यापासून ते इतक्या व्यासपीठांवरून आणि इतक्या शालींच्या साक्षीने वर्णिले गेले आहे, की त्यात माझी भर पडली नाही तरी कोणाचे काही अडणार नाही. मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. मराठी भाषा, मराठी वाङ्मय आणि मराठी मुलूख यांविषयी आपल्या विद्यापीठांतून जी पीएच.डी. दिली जाते, ती नेमकी कशाबद्दल दिली जाते?

हा प्रश्न माझ्या आधी राज्याच्या विधिमंडळात विचारला गेला आहे, आणि तो फार वाईट रीतीने विचारला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये संशोधन-अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला असता, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल मंत्रिपदावरून झाला. विद्यार्थी संतापले, आणि त्यांचा संताप सर्वस्वी न्याय्य होता. ज्या सरकारच्या अधिछात्रवृत्तीसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या विद्यार्थ्यांना मैदानात ठाण मांडून बसावे लागते, ज्याच्या राजवटीत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या उच्चशिक्षित तरुणाच्या हाती महिन्याअखेर पडते ती रक्कम सांगण्याची त्यालाच लाज वाटते, त्या सरकारला हा सवाल करण्याचा नैतिक अधिकार नव्हता. परंतु, अध्यापक मित्रहो, तो सवाल ऐकून आपण काय केले? आपण निषेधाचे पत्रक काढले, त्यावर सह्या केल्या आणि स्वस्थ बसलो. उत्तर मात्र दिले नाही, कारण उत्तर द्यावयाचे तर आपल्याच देखरेखीखाली सिद्ध झालेला एखादा प्रबंध पुढे करून याने मराठीच्या ज्ञानात ही भर घातली, असे छातीठोकपणे सांगावे लागले असते. आणि तसा प्रबंध चटकन कोणाच्या हाताला लागेना.

‘अमुक यांच्या कादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास’ या नावाचे आपले नित्याचे प्रबंध मी परीक्षक या नात्याने बरेच वाचले आहेत, आणि ज्यांना माझ्या शब्दांवर विश्वास नसेल त्यांच्यासाठी ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार उघडेच आहे. पहिल्या प्रकरणात लेखकाचे चरित्र, दुसऱ्यात वाङ्मयप्रकाराची तात्त्विक चर्चा, तिसऱ्यात आशय, चौथ्यात अभिव्यक्ती आणि अखेरीस निष्कर्ष, हा आराखडा इतका ठरून गेला आहे की लेखकाचे नाव बदलले तरी प्रबंधाच्या प्रकृतीस धक्का पोहोचत नाही. दुसऱ्या प्रकरणात अलीकडे चार-पाच फ्रेंच विचारवंतांची नावे येतात. त्यांचे मूळ ग्रंथ प्रबंधकाराने तर नाहीतच, पण मार्गदर्शकानेही चाळलेले नसतात. लेखक हयात असला तर अधिकच सोय! मौखिकीच्या दिवशी तो स्वतः हजर राहतो, उमेदवाराला पुष्पगुच्छ देतो, आणि पुढे तोच एखाद्या पुरस्कार समितीवर निघाला तर हा ऋणानुबंध दोन्ही बाजूंनी जपला जातो. या सबंध व्यवहारात जे छापून दुकानात मिळते त्यापलीकडील एक कागद उलगडला जात नाही, एक बोली कानांनी टिपली जात नाही, एक पाठ दुसऱ्या पाठाशी ताडून पाहिला जात नाही.

याचे खापर मी विद्यार्थ्यांच्या माथी फोडणार नाही. एखादी पदवी पोटापाण्याची अट झाली की तिचा बाजार भरतो, आणि तो भरविणारे हात विद्यार्थ्याचे नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदास पीएच.डी. आवश्यक ठरविली, अंमल २०२१ वरून २०२३ वर ढकलला आणि २०२३ मध्ये ती अटच मागे घेतली; मधल्या काळात ज्यांनी केवळ नोकरीच्या धास्तीने नावे नोंदविली त्यांना आपण दोष काय द्यावा? प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे असा नियम होता. त्यातून पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. ती आवरण्यासाठी आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, २०२२ च्या नियमावलीत छापण्याची सक्तीच काढून टाकली, आणि २०२५ मध्ये ती यादीही बरखास्त केली. प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ आणि सहायक प्राध्यापकास ४ विद्यार्थी असा हिशेब नियमात आहे. त्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकाने कोणती विद्या द्यावी, याविषयी नियम मौन धारण करून आहे. नियम असोत, मला बोलावयाचे आहे ते विद्येविषयी.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे बी.ए. होते, त्यापलीकडील पदवी त्यांना नव्हती आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. खेड्यापाड्यांतील वाड्यांच्या माळ्यांवर कुजत पडलेली दफ्तरे हुडकीत त्यांनी हा मुलूख पायांखाली घातला, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत प्रसिद्ध केली, महानुभावांच्या सांकेतिक लिपीचे कोडे उलगडले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभारले, आणि हे सर्व मराठीत लिहीन, इंग्रजीत लिहिणार नाही, हा हेका अखेरपर्यंत सोडला नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर होऊन आले, परंतु त्या पदवीवर बसून न राहता त्यांनी विद्यापीठाच्या आवाराबाहेर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग पुरे केले. दुर्गाबाई भागवतांचा डॉक्टरेटचा प्रबंध आजारपणामुळे अपुरा राहिला, तरी लोकसाहित्याच्या अभ्यासकाला त्यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. या नावांचा उच्चार मी गतवैभवाचे सुस्कारे टाकण्यासाठी करीत नाही. राजवाड्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती आज टिकत नाहीत, त्यांच्या कित्येक सिद्धांतांवर पुढच्या पंडितांनी काट मारली, आणि ती योग्यच मारली. माझे म्हणणे आहे ते हेच की निष्कर्ष जुने होतात, मते उलटतात, पण नीट वाचून, ताडून, टिपांसह छापलेले साधन शंभर वर्षांनीही उपयोगी पडते. राजवाड्यांशी कडाडून भांडणारासुद्धा राजवाड्यांनीच छापलेली पत्रे हाती घेऊन भांडतो.

पदवीसाठी लिहिलेला प्रबंध थोर असूच शकत नाही असेही कोणी म्हणू नये. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठी भाषेच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, तो त्याचा डॉक्टरेटचाच प्रबंध होता. त्याचे मराठी भाषांतर वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये केले, आणि मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा विचार आजही त्याच्यापासून सुरू करावा लागतो. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर १९६९ मध्ये प्रबंध दिला. ज्या काळी आमच्या मराठी विभागांना तो विषय सोवळ्यातला वाटत नव्हता त्या काळी एक परदेशी बाई त्या चळवळीचे कागद आणि आठवणी गोळा करीत होती. ग्युंथर सोंथायमर हा जर्मन पंडित धनगरांच्या वाड्यांवरून आणि बिरोबा-म्हस्कोबाच्या ठाण्यांवरून त्यांच्या ओव्या टिपीत हिंडला. मला परदेशी विद्वानांचे कौतुक करावयाचे नाही. आमच्यातील पुष्कळांनी ते आधीच गरजेपेक्षा जास्त केले आहे. परंतु फ्रेंच पंडिताने मराठी वाचून प्रबंध लिहावा आणि मराठी प्राध्यापकाने फ्रेंच न वाचता फ्रेंच विचारवंतांवर प्रकरण लिहवून घ्यावे, या विपर्यासाची आम्हांला लाज कशी वाटत नाही?

आता न वाचलेल्याचा हिशेब पाहू. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे सुमारे ३५,००० रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या सुमारास ते हाती घेऊन त्यांतून निवडीचे ४५ खंड काढले, आणि ते मुख्यतः राजकारणाच्या दृष्टीने काढले. सरदेसायांना मोहिमा हव्या होत्या, त्यांनी मोहिमा वेचल्या. परंतु त्याच रुमालांतून गावोगावचे ताळेबंद, वतनाचे तंटे, महजर, करीणे, देवस्थानांच्या नेमणुका, बलुत्यांच्या तक्रारी आणि जमाखर्चाच्या याद्या पडून आहेत, आणि त्यांतील मराठी ही दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या बोलत्या, भांडत्या, कर्ज काढत्या माणसाची मराठी आहे. भाषेच्या अभ्यासकाला याहून मोठे धन कोणते हवे? पण ते मोडी लिपीत आहे, आणि मोडी आमच्या एम.ए.च्या वर्गात सक्तीने शिकविली जात नाही. मोडीचे वर्ग पुराभिलेख संचालनालय चालविते, इतिहास मंडळे चालवितात, आणि तेथे सेवानिवृत्त कारकून, वकील आणि हौशी गृहस्थ मोठ्या निष्ठेने बसतात. मराठीचा प्राध्यापक त्यांत शोधूनही सापडत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सरकारने हाती घेतला, जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांतून जुनी दफ्तरे बाहेर निघाली, आणि मोडी वाचणाऱ्यांसाठी अधिकाऱ्यांना धावाधाव करावी लागली. लाखो माणसांच्या हक्काचा प्रश्न ज्या लिपीत अडकला होता, ती वाचावयास आमच्या किती मराठी विभागांनी आपण होऊन माणसे धाडली? डॉक्टरांच्या पाट्यांची तर आपल्याकडे वाण नव्हती.

मोडी वाचणे म्हणजे अक्षरे ओळखणे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी एखादे शिवोत्तरकालीन पत्र हाती घेऊन पाहावे. कारकुनाने बोरू न उचलता ओढलेली ओळ कोठे तोडावी हे समजेपर्यंत महिने जातात. ते समजले की कालोल्लेखाशी गाठ पडते. ‘सन इहिदे अशर मया व अलफ’ असे आले, तर ही अरबी संख्या एकापासून उलट मोजीत ११११ कशी होते, हा सुहूर सन आहे हे कशावरून ठरवावयाचे, तो मृग नक्षत्राशी का सुरू होतो, आणि त्यावरून इसवी सन १७१०-११ कसा काढावयाचा, हे सर्व ठाऊक असावे लागते. मग मजकुरात बिघे येतात, चावर येतात, फार्सी शब्द मराठी विभक्तिप्रत्ययांना बिलगून येतात; माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा ‘फार्सी-मराठी कोश’ जवळ नसेल तर पुढची ओळ लागत नाही. लिपी, कालगणना, महसुलाची वहिवाट, फार्सी, जुने मराठी व्याकरण आणि त्या तालुक्याचा भूगोल, एवढे सर्व एका पत्रासाठी पणाला लागते.

आता ऐका. एका होतकरू विद्यार्थिनीने एका जुन्या देशमुख घराण्याच्या वतनी दफ्तराचे संपादन हा विषय संशोधन मान्यता समितीपुढे ठेवला. मी तेथे होतो. तिने मोडी स्वतःच्या हिमतीने शिकून घेतलेली, घराण्याची परवानगी मिळविलेली, आणि त्या कागदांतील बायकांच्या नावे केलेल्या दानपत्रांची एक यादीही तयार करून आणलेली. समितीने विषय नामंजूर केला. कारण काय? तर हे ‘संकलन’ आहे, ‘संशोधन’ नव्हे. यात गृहीतक नाही. तिला विषय बदलण्याची आज्ञा झाली आणि तिने निमूटपणे एका कादंबरीकाराचा चिकित्सक अभ्यास पुरा केला. गृहीतक सापडले, दफ्तर हरवले. त्या बैठकीत जे सन्मान्य सदस्य हसले होते त्यांतील एकाने पुढे संपादन-शास्त्रावर बीजभाषण केल्याचे माझ्या ऐकिवात आहे.

मला त्या समितीला आणि तिच्यासारख्या सर्व समित्यांना विचारावयाचे आहे की विष्णु भिकाजी कोलते यांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची १९७८ मधील आवृत्ती हे संकलन काय? शंकर गोपाळ तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला जुन्या मराठीचा कोश हे संकलन काय? अमृत माधव घाटगे यांनी १९६० च्या दशकात वारली, कुडाळी अशा एकेक बोलीची जी वर्णने राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाकडून प्रसिद्ध केली, ती तुमच्या नियमाप्रमाणे पीएच.डी.स नापास ठरतील, हे तुमच्या ध्यानात आले आहे काय? गृहीतकाची ही अट भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून उसनी आणून आपण एका अशा विद्येवर लादली आहे की जिचा निम्मा माल अजून गोदामातच आहे.

लिखित कागदांचे हे, तर तोंडच्या भाषेची कथा याहून करुण आहे. देसाईगंज-वडसा हे पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे ठाणे. दिवाळीनंतर हंगाम लागतो, दरसाल नवी नाटके लिहिली जातात, रात्ररात्र गावोगाव चालतात, आणि हंगाम संपला की त्यांतील बहुतेक संहिता वहीतच मिटतात. एका सजीव रंगभूमीचा असा चालता-बोलता दस्तऐवज हाताशी असताना त्या मुलुखातील विद्यार्थी मुंबईच्या नाटककारांवर प्रबंध लिहितो, कारण मार्गदर्शकाला ‘संदर्भग्रंथ’ हवे असतात. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात निहाली ही भाषा बोलली जाते; तिचे नाते भारतातील कोणत्याही भाषाकुलाशी निश्चित जुळत नाही, आणि ती बोलणारे काही हजारांच्या आतले आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी खेड्यांतील बायांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि ते काम कोणत्याही मराठी विभागाच्या मान्यतेची वाट पाहत बसले नाही. आणि आमच्याकडे मेळघाटातून कोरकू बोलणाऱ्या घरातला मुलगा येतो, त्याच्या आजीच्या तोंडी अशी भाषा आहे की जिच्यासाठी जगातील भाषाशास्त्रज्ञ समुद्र ओलांडून येतील, आणि आम्ही त्याला प्रथम काय शिकवितो? तर ती भाषा विसरावयास. मग त्याला पुण्यातील एखाद्या दिवंगत ललित निबंधकाराच्या शैलीवर पाच प्रकरणे लिहावयास बसवितो, त्याच्या प्रमाण मराठीतील चुका लाल शाईने काढतो, आणि मागासलेल्या भागातील विद्यार्थ्याला वर आणल्याचे समाधान मिरवितो! ज्याला जे एकट्यालाच करता आले असते ते त्याच्याकडून करवून न घेता जे शेकडो लोक त्याच्याहून बरे करू शकतात तेच त्याच्या गळ्यात बांधणे, यापरते अध्यापनातील क्रौर्य मला ठाऊक नाही.

समीक्षेचे कैवारी माझ्यावर रागावतील. त्यांना मी इतकेच सांगेन की उत्तम समीक्षेविषयी मला परम आदर आहे, पण मराठीतील उत्तम समीक्षा पदवीच्या तगाद्याने क्वचितच लिहिली गेली. ती रसिकतेने आणि भांडणाने लिहिली गेली. दुसरे म्हणतील, सहा वर्षांच्या मुदतीत दफ्तर कसे संपावे? एक रुमाल संपवा. तिसरे म्हणतील, असे केले तर पीएच.डी.ची संख्या घटेल, विभागाचे मूल्यांकन घसरेल. घसरू द्या. गुणांकन करणाऱ्या मंडळाला दाखविण्यापुरते डॉक्टर निर्माण करणे हे विद्यापीठाचे काम असेल, तर रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ नव्याने स्थापण्याचा खटाटोप तरी कशाला? लीळाचरित्राच्या भूमीत उभ्या राहिलेल्या त्या विद्यापीठाने जर उद्या पोथ्यांऐवजी कादंबऱ्यांचेच चिकित्सक अभ्यास सुरू केले, तर चक्रधरस्वामींच्या अनुयायांनी शतकानुशतके सांकेतिक लिपीत जपून ठेवलेले ते धन आपणच पुन्हा कुलपात घातले असे होईल.

म्हणून आज दुपारच्या सत्रात अध्यक्षाची खुर्ची क्षणभर सोडून, एक सामान्य सभासद या नात्याने, मी एक ठराव मांडणार आहे. मराठी आणि प्रादेशिक अभ्यासाच्या पीएच.डी.साठी अप्रकाशित साधनाचे चिकित्सक संपादन, प्रस्तावना, टिपा आणि शब्दसूचीसह, पूर्ण प्रबंध म्हणून स्वीकारले जावे; तसेच बोलीचे वर्णन, व्याकरण आणि ध्वनिमुद्रित नमुने यांनाही तोच दर्जा मिळावा. अभ्यासक्रमाच्या किमान १२ श्रेयांकांपैकी निदान चार विषयास लागणाऱ्या साधनविद्येस द्यावे: पेशवाईवर काम करणाऱ्याने मोडी व फार्सी, सीमाभागावर करणाऱ्याने कन्नड, गोव्यावर करणाऱ्याने पोर्तुगीज, गडचिरोलीवर करणाऱ्याने गोंडी शिकावी, आणि मार्गदर्शकाला ती येत नसेल तर त्याने विद्यार्थ्याशेजारी बाकावर बसून शिकावी. बहिस्थ परीक्षकाने मौखिकीच्या वेळी मूळ कागद किंवा ध्वनिमुद्रण समोर मागवून त्यातील निवडक भाग उमेदवाराकडून वाचवून घ्यावा. आणि हयात साहित्यिकाच्या समग्र साहित्यावरील प्रबंधास पुढील दहा वर्षे मनाई असावी; या कलमाने आजच्या व्यासपीठावरील काही मान्यवरांचे नुकसान होईल याची मला जाणीव आहे, आणि त्यांच्या यादीत माझेही नाव असल्याचे कार्यवाहांनी मघाशीच माझ्या कानात सांगितले.

ठरावाचा मसुदा प्रवेशद्वाराशी ठेवला आहे. तो सर्वांनी भोजनापूर्वी वाचावा. ज्यांना हरकत घ्यावयाची असेल त्यांनी ती लेखी, कारणांसह, स्वतःच्या सहीनिशी दुपारी दोनच्या आत कार्यवाहांकडे रुजू करावी. तोंडी हरकती आणि निनावी पत्रके यांची दखल घेतली जाणार नाही.